शेवटचे वीस फूट

यंदाच्या अंकाचा विषय ‘जमीन’ आहे, असं संपादकांनी कळवलं. शीळफाट्याला राहणाऱ्या माणसाला या विषयावर काय लिहू, असा प्रश्न पडायचं कारण नाही. फाट्यावर उभं राहून चहूकडे मान वळवली तरी लेख होतो. मुंब्रा बायपासवरून उतरणारे कंटेनर, कल्याण रोडच्या दुतर्फा वाढत चाललेले टॉवर, महाप्याकडे वळणारी गाड्यांची रांग आणि वांद्रे-कुर्ला संकुलातून निघून इथे बाहेर पडणारा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा. जमीन विकलेले, जमीन गेलेले आणि भाव वाढायची वाट बघत बसलेले असे सगळे इथे एकाच सिग्नलला अडकलेले असतात. संपादकांना बहुधा तेच हवं होतं.

मी वेगळंच काही घेऊन बसलो. आमच्या सोसायटीतली एक मुलगी राज्यातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये विमान चालवायला शिकते. गणपतीत घरी आली होती. कसं चाललंय, म्हणून विचारलं तर म्हणाली, “काका, उडायला काही लागत नाही हो. स्पीड आला की विमान आपलं आपण उचलतं. उतरवताना खरी कसोटी.” मग आवाज थोडा खाली आणून सांगितलं, “कुणी जोरात बसवलं की आम्हाला आधी कँटीनमध्ये कळतं. विमानाच्या वहीत येतंच असं नाही.”

तिच्या या शेवटच्या वाक्यामुळे मी या विषयाकडे वळलो. विमान कोसळलं की बातमी होते. आपटून बसलेल्या विमानाची बातमी होत नाही. चाकं वाकतात, पंख्याची पाती मुडपतात, शिकणारा मुलगा घामाघूम होऊन खाली उतरतो आणि स्वतःच्या पायांनी चालत जातो. हलक्या विमानांच्या जगात असे प्रसंग किती साधे मानले जातात आणि त्यातला एखादा पुढे किती महागात पडतो, हे बघायला मी निघालो. सुरुवात घराजवळूनच केली, कारण आमच्याकडेही एक धावपट्टी आहे. तिच्यावर विमान तेवढं उतरत नाही.

नेवाळीचा तळ

शीळफाट्याहून कल्याणकडे जाताना काटई नाक्याला उजवीकडे वळलं की बदलापूरचा पाइपलाइन रस्ता लागतो. त्या रस्त्यावर नेवाळी नाका. समोर मलंगगडाचे सुळके. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने नेवाळी, भाल, द्वारली आणि आसपासच्या गावांची शेतजमीन घेतली आणि इथे लष्करी हवाई तळ बांधला. युद्ध संपलं, विमानं गेली, जमीन राहिली सरकारकडे. गावकरी पुन्हा तिच्यात भात लावू लागले. पुढे ताबा सांगणाऱ्या नौदलाने संरक्षक भिंत घालायला घेतली, तेव्हा २२ जून २०१७ रोजी नेवाळी पेटली. रस्ते अडवले गेले, पोलिसांच्या गाड्या जळाल्या, आंदोलकही जखमी झाले आणि पोलीसही. जमीन युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपलं तेव्हा परत करायची, हा शेतकऱ्यांचा साधा युक्तिवाद. सरकारी दप्तरात साध्या युक्तिवादाला रकाना नसतो.

नवी मुंबईचा विमानतळ पर्यावरणाच्या परवानग्यांत अडकला होता त्या काळात कल्याणचं नावही पर्याय म्हणून पुढे आलं होतं. ते मागे पडलं. आता उलव्याचा डोंगर सपाट करून तिकडे विमानतळ उभा आहे आणि नेवाळीला गवत आहे.

तिथल्या रस्त्याकडेला उभं राहिल्यावर लक्षात येतं की छोट्या विमानालाही केवढी सपाट, मोकळी, अडथळा नसलेली जमीन लागते. लांबी लागते ती पुढच्या दिशेचा वेग मारायला. खालच्या दिशेचा वेग मात्र लांबीने मरत नाही. तो पायलटलाच शेवटच्या काही सेकंदांत हातांनी मारावा लागतो. तो मारायचा राहिला की दोन मैलांची धावपट्टी असूनही उपयोग नाही.

काटफळच्या कुंपणाशी

महाराष्ट्रात स्वतःचं छोटं विमान बाळगून हौसेने उडवणारे लोक फार थोडे. कांदिवलीच्या चारकोपात इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव हा त्यातला अपवाद. त्यांचं सहा आसनी विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं, २०१९ मध्ये त्याला उड्डाणाची परवानगी मिळाली आणि पुढच्या वर्षी धुळ्याला ते हवेत गेलं. हे सोडलं तर आपल्याकडचं हलकं विमान म्हणजे शिकाऊ विमान. १९२८ मध्ये सुरू झालेला जुहूचा बॉम्बे फ्लाइंग क्लब उड्डाणं शिकवायला आता धुळ्याला जातो. गोंदियाजवळ बिरसी, शिरपूर, बारामती ही बाकीची ठिकाणं. अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडिया ३४ विमानांची प्रशिक्षण संस्था उभारते आहे.

बारामतीचा विमानतळ शहराबाहेर, एमआयडीसीला लागून, काटफळच्या बाजूला आहे. मोठ्या विमानतळांवर असतो तसा हवाई वाहतूक नियंत्रणाचा कायमचा बंदोबस्त मी गेलो तेव्हा इथे नव्हता. रेडिओवर फ्लाइंग स्कूलचीच माणसं होती. कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरून धावपट्टी दिसते. सकाळी लवकर गेलं तर वारा पडलेला असतो आणि विमानं एकामागून एक चकरा मारत असतात. त्यांच्या भाषेत सर्किट. उडायचं, वळायचं, धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने जायचं, पुन्हा दोनदा वळायचं आणि खाली यायचं. चाकं टेकली न टेकली की पुन्हा पूर्ण जोर देऊन वर. याला टच अँड गो म्हणतात. एक चक्कर सहा-सात मिनिटांची. तासाला आठ-दहा.

माझ्याशेजारी गावातला एक पोरगा मोटरसायकल स्टँडवर लावून उभा होता. कॉलेजला निघाला होता, पण घाई दिसत नव्हती.

“रोज बघता का?”

“येता-जाता. ह्यो बघा आता, ह्यो उड्या मारणार.”

“कशावरून?”

“नाक खाली घालून यायलाय की. स्पीड लई हाय त्याचा.”

आणि खरंच ते पांढरं विमान टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, आणखी उसळलं. मग इंजिनाचा आवाज एकदम वाढला आणि ते वर निघून गेलं. पोरगा समाधानाने म्हणाला, “वर गेला त्ये बरं केलं. मास्तर शेजारी आसंल.” हवाई वाहतुकीच्या पुस्तकात जे चार पानांत सांगतात ते त्याने नुसतं बघून ओळखलं होतं. विमान उसळल्यावर पुन्हा वर जाणं हेच बरोबर असतं, हे तर बरेच परवानाधारकही वेळेवर विसरतात.

हात टेबलावर सपाट

डोंबिवलीत राहणारे एक निवृत्त प्रशिक्षक मला भेटायला शीळफाट्याच्या एका हॉटेलात आले. नाव छापू नका, म्हणाले. चहा बाजूला सरकवला, उजवा तळहात टेबलावर आडवा धरला आणि त्याचं विमान केलं.

त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत मांडतो. सेस्ना १५२ हे जगभर वापरलं जाणारं दोन आसनी शिकाऊ विमान. पूर्ण भरलं तरी साडेसातशे किलोच्या आसपास, म्हणजे छोट्या मोटारीएवढं. शेवटच्या टप्प्यात ते ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वेगाने, नाक किंचित खाली करून धावपट्टीकडे येतं. जमीन पंधरा-वीस फुटांवर आली की पायलट दांडा हळूहळू मागे ओढतो. नाक वर येतं, उतरण सपाट होते, वेग कमी होत जातो. याला फ्लेअर म्हणतात. विमान जमिनीपासून फूटभर वर असताना पंखांची उचलायची ताकद संपत यावी आणि मागची दोन चाकं अलगद टेकावीत, हे उत्तम लँडिंग. पुढचं चाक सगळ्यात शेवटी खाली यायला हवं. ते दिशा द्यायला असतं, भार झेलायला नाही.

चुका दोन जातींच्या. पहिली, दांडा उशिरा ओढणं. विमान उतरणीच्या वेगानेच जमिनीत शिरतं, बहुतेक वेळा पुढच्या चाकावर. दुसरी, दांडा लवकर ओढणं. विमान दहा फुटांवरच सपाट होतं, तिथे तरंगत राहतं, वेग संपतो आणि पंख सोडून देतात. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं ते खाली बसतं. अरुंद धावपट्टीवर शिकलेला मुलगा मोठ्या विमानतळाच्या ४५-६० मीटर रुंद पट्टीवर पहिल्यांदा उतरतो तेव्हा हमखास ही दुसरी चूक करतो. रुंद पट्टी पाहून डोळ्याला वाटतं आपण फार खाली आलो, म्हणून हात आधीच मागे येतो.

“मग शिकवता काय तुम्ही?” मी विचारलं.

“एकच. लांब बघ. अहो, पोरं नाकासमोरचं डांबर बघतात. ते एवढ्या वेगाने येतं की उंचीचा अंदाजच लागत नाही. धावपट्टीच्या टोकाकडे बघितलं की कडा डोळ्याच्या कोपऱ्यातून वर येताना कळतात. ते सांगून येत नाही, पन्नासदा करून येतं.”

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय यातली गोम कळत नाही. हलक्या विमानांच्या रचनेसाठी अमेरिकेत जे नियम झाले, त्यांत चाकांच्या सांगाड्याने खालच्या दिशेचा किती वेग सोसला पाहिजे हे विमानाचं वजन आणि पंखांचं क्षेत्रफळ यांवरून ठरवलेलं आहे. तो सेकंदाला ७ फुटांपेक्षा कमी धरायचा नाही आणि १० फुटांपेक्षा जास्त धरायची गरज नाही. ऐकायला बरा वाटतो. पण सेकंदाला ७ फूट म्हणजे एखादी वस्तू फक्त २३ सेंटिमीटरवरून सोडल्यावर जमिनीवर पोचताना असतो तेवढा वेग. १० फूट म्हणजे ४७ सेंटिमीटर. वीतभर ते हातभर, एवढीच सवलत. आता दोन मीटर उंचीवर पंखांची निम्मी ताकद गेली असं धरा. विमान सेकंदाला जवळपास साडेचार मीटर, म्हणजे १४ फुटांहून अधिक वेगाने आपटेल. वेग दुप्पट झाला की झेलायची ऊर्जा चौपट होते. चाकाचा सांगाडा ७ फुटांसाठी बांधला असेल तर त्याच्या चौपट मार त्याला बसतो आणि पायलटला मात्र वाटतं, अरे, जरासं उंचावरूनच तर बसलं.

उन्हाळ्यात यात भर पडते. बारामतीचा परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर आहे. एप्रिलच्या दुपारी हवा विरळ होते, काट्यावर तोच वेग दिसत असताना जमिनीवरून विमान अधिक जोरात पळत असतं. तापलेल्या डांबरावरून हवा वर येते, शेजारच्या ओलीत केलेल्या उसावरून येत नाही. उसावरून डांबरावर येता येता विमान एकदम उचललं जातं आणि पुढच्या क्षणी सोडून दिलं जातं. म्हणून फ्लाइंग स्कूलची सकाळ पाचला सुरू होते.

आणि मग उसळी. विमान जोरात टेकून उसळलं की शिकणाऱ्याचा हात आपोआप पुढे जातो, खाली दाबायला. नाक खाली, पुढचं चाक आधी आपटतं, विमान आणखी उसळतं. हात पुन्हा पुढे. दर उसळीला नाक जास्त खाली आणि वेग कमी. प्रशिक्षक सांगतात, तिसऱ्या उसळीची वाट बघू नये. त्या वेळी पुढच्या चाकाचा दांडा मोडतो, पंख्याची पाती डांबरात घुसतात आणि विमान नाकावर घासत थांबतं. पहिल्या उसळीला पूर्ण जोर देऊन वर गेलात तर काही झालंच नाही. काटफळच्या पोराने म्हटलं तेच.

जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला १० फेब्रुवारी १९२९ रोजी. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, त्या पुस मॉथ विमानाला पुढे चाक नव्हतंच. मागे शेपटीखाली टेकू. त्या विमानाच्या पायांवरची आच्छादनं पायलटला आडवी फिरवता येत, म्हणजे हवेचा अडथळा वाढून वेग कमी होई. पुढचं चाक आल्यावर जमिनीवरचं हाकणं सोपं झालं, लँडिंगही सोपं झालं असं सगळ्यांना वाटलं. सोपं झालं तशी मोडायला एक नवी नाजूक जागाही मिळाली.

रिव्हेटभोवतीचा काळा डाग

जोरात बसलेल्या विमानात काय बघायचं, हे एका विमान देखभाल अभियंत्याकडून समजून घेतलं. त्याने एकामागून एक बोट ठेवलं. टायर आणि रिम. चाकाचा पाय जिथे धडाला बोल्ट केलेला असतो ती जागा. सेस्नात मागचे पाय लवचिक पोलादाचे असतात, ते वाकून परत सरळ होतात आणि धक्का पुढे धडात सोडतात. पुढच्या चाकाचा दांडा मात्र फायरवॉलला बसवलेला. फायरवॉल म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली धातूची भिंत. पुढच्या चाकावर आपटलेल्या सेस्नाची ही भिंत खालच्या बाजूला चुरगळते. बाहेरून रंग चकचकीत, चाक सरळ, टायरला हवा. खाली वाकून, कव्हर काढून, टॉर्च लावून बघितलं तरच सुरकुती दिसते. त्याच भिंतीवर इंजिन टांगलेलं असतं.

मग रिव्हेट. पत्रे जोडणारे रिव्हेट सैल झाले की उडताना घासतात आणि त्यांच्याभोवती धुरासारखा काळसर डाग पडतो. मुरलेले अभियंते विमानाभोवती फिरताना आधी हेच डाग शोधतात. पंख्याचं पातं जमिनीला जरा जरी लागलं असेल तर प्रश्न पात्याचा राहत नाही. फिरतं पातं अचानक अडलं की तो झटका इंजिनाच्या मुख्य दांड्यापर्यंत जातो. म्हणून नियम असा की पंखा जमिनीला लागला तर इंजिन उघडून तपासायचं, वरवर ते सुरळीत चालत असलं तरी. हे काम काही आठवड्यांचं आणि काही लाखांचं. तोवर विमान बंद.

इथे माझी खात्री पटली की हलक्या विमानाच्या आपटण्यात खरा धोका आपटण्याच्या क्षणी नसतो. अमेरिकेत खासगी विमानांच्या अपघातांचा सातत्याने अभ्यास होतो. त्यात वर्षानुवर्षं एकच दिसतं: अपघातांची सगळ्यात मोठी संख्या लँडिंगच्या वेळची, पण त्यात माणसं मरण्याचं प्रमाण फार कमी. वेग कमी, उंची नाही, समोर मोकळी पट्टी. माणूस वाचतो, विमान जखमी होतं, आणि जखम दिसली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विमानात दुसरं कुणीतरी बसतं. ते तिसऱ्या दिवशी वर असताना इंजिनाचा माउंट तडकला तर त्याची बातमी ‘तांत्रिक बिघाड’ म्हणून येते.

ऊस, विहीर आणि तारा

धावपट्टीवर आपटणं वेगळं आणि इंजिन बंद पडून शेतात उतरावं लागणं वेगळं. पण शेवटचे वीस फूट दोन्हीकडे तेच. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून एकटी निघालेली एक शिकाऊ वैमानिक इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात उतरली. कार्व्हर एव्हिएशनचं सेस्ना १५२. विमानाची मोडतोड झाली, मुलगी किरकोळ जखमांवर निभावली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली, १९ तारखेला काटफळला आणि २२ ला गोजुबावीला, दोन्ही रेडबर्ड या संस्थेची. आतली माणसं वाचली. संस्थेच्या विमानांना काही महिन्यांत झालेल्या अपघातांची साखळी पाहून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तिची प्रशिक्षणाची परवानगी स्थगित केली आणि देखभालीवर बोट ठेवलं.

शेतात उतरताना पुढे जायला जागा किती मिळते यावर जीव अवलंबून असतो. पश्चिम महाराष्ट्राच्या शेतात ती कमीच. बांध, विहिरी, ठिबकच्या नळ्या, विजेचे खांब आणि त्यांच्या तारा. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात, म्हणून खांबांमधल्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेतून जायचं नाही, खांबावरून जायचं, असं शिकवतात. उभा ऊस मऊ वाटतो, पण त्याच्या शेंड्याला जमीन समजून फ्लेअर करायचा असतो, नाहीतर विमान उसाच्या उंचीवरून खाली आपटतं. नांगरलेल्या काळ्या रानात पुढचं चाक रुततं आणि विमान पालथं होतं. पालथं झालं तरी पट्टा बांधलेला माणूस बहुधा जगतो. उतरायला जागा कमी आणि वाचवायला लोक जास्त अशी ही भूमी आहे, हेही खरं. १६ जुलै २०२१ ला शिरपूरच्या संस्थेचं विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या डोंगरात पडलं. प्रशिक्षक गेले. शिकणारी मुलगी गंभीर जखमी होती. आदिवासी पाड्यातले लोक पावसात धावले. झोळी करायला एका बाईने अंगावरची साडी सोडून दिली आणि त्या झोळीतून तिला डोंगर उतरवून आणलं. डोंगराला फ्लेअर नसतो. तिथे वाचली ती त्या माणसांमुळे.

वहीतली ओळ

भारतात २०१२ पासून विमान अपघातांचा तपास करायला स्वतंत्र ब्युरो आहे. त्याचे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले आहेत आणि ते वाचण्यासारखे असतात, अगदी शिकाऊ विमानांचेही. पण अपघात कशाला म्हणायचं, याची आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. नुसता पंखा वाकला, टायर फुटला, पंखाचं टोक घासलं, पत्र्याला पोचा आला, तर तो अपघात धरत नाहीत. व्याख्या चूक नाही. अशा प्रत्येक ठिकाणी तपास पथक पाठवणं शक्य नाही. मात्र त्यामुळे आपटलेल्या विमानाची पहिली नोंद पूर्णपणे पायलटच्या हातात उरते. मोठ्या विमानात ब्लॅक बॉक्स असतो, किती जोरात टेकलं ते यंत्र सांगतं. जुन्या सेस्नात असं काही नाही. काचेच्या पडद्यांच्या नव्या शिकाऊ विमानांत उड्डाणाची माहिती छोट्या मेमरी कार्डवर साठते, पण कुणी ते काढून बघितलं तर.

आता बाजू घ्या शिकणाऱ्या एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलाची. घरच्यांनी चाळीस-पन्नास लाख रुपये उभे केलेत, कुणी त्यासाठी जमीनही विकली आहे. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात. एका तासाला बारा-पंधरा हजार. त्याने उसळी मारली आणि पुन्हा वर गेला तर एक चक्कर वाढली, म्हणजे बाराशे-पंधराशे रुपये. शिवाय खालचे मित्र हसणार. जोरात बसवलं आणि तसं वहीत लिहिलं तर विमान तपासणीला जाणार, बाकीच्यांचे तास रखडणार, आणि सगळ्यांना माहीत असणार कुणामुळे. नाही लिहिलं तर? चाक सरळ दिसतंय. इंजिन चालतंय. सोसायटीतली मुलगी म्हणाली ती कँटीन आणि वही यांच्यामधली दरी ही अशी पडते. मुलाला दोष देणं सोपं आहे. पैशाचा आणि लाजेचा हिशोब आपण त्याच्यापुढे असा मांडून ठेवलाय की खोटं उत्तरच बरोबर वाटावं.

डोंबिवलीच्या प्रशिक्षकांना मी विचारलं, तुमच्याकडे कुणी येऊन सांगायचं का?

“सांगायचे. कारण मी सांगून ठेवलं होतं, आपटलं तर शिव्या नाही, लपवलं तर बॅग भरायची.” थोडं थांबून पुढे म्हणाले, “पण असं प्रत्येक मास्तर म्हणेल याच्यावर व्यवस्था चालवायची का?”

चालवू नये. हा अंक छपाईला जायच्या सुमारास महासंचालनालयाने देशातल्या फ्लाइंग स्कूलची पहिली क्रमवारी जाहीर केली. अ-प्लस आणि अ या वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. १३ संस्था ब श्रेणीत, बाकीच्या क मध्ये. गुण देताना सुरक्षेचं वजन २० टक्के. क्रमवारी लागली हे चांगलंच झालं. पण एखाद्या शाळेत हार्ड लँडिंगच्या, म्हणजे जोरात बसण्याच्या, नोंदी जास्त असतील तर तिचे गुण कापायचे की वाढवायचे, हा पेच आहे. ज्या शाळेत नोंदच नाही, तिथे सगळे अलगद उतरतात असं मानायला मी तरी तयार नाही. रोज आठ-दहा शिकाऊ विमानं दिवसभर टेकत असतील आणि वर्षभरात एकही जोरात बसलं नसेल, तर तिथली वही तपासावी, विमान नंतर.

 ज्यांच्या घरातलं मूल फ्लाइंगला निघालंय, त्यांनी फी, हॉस्टेल आणि नोकरीची हमी यांबरोबर शाळेला आणखी दोन प्रश्न विचारावेत. उतरता उतरता मुलगा पुन्हा वर गेला, तर त्या चकरेचे पैसे कोण भरतं? आणि विमान जोरात बसलं असं ज्याने स्वतःहून लिहिलं, अशा शेवटच्या विद्यार्थ्याचं पुढे काय झालं? दुसऱ्या प्रश्नाला ‘आमच्याकडे असं होतच नाही’ असं उत्तर मिळालं, तर दुसरी शाळा बघा.